मोकळ्या आकड्यांची जागा

१ जून, रविवार

ही वही खरं तर ह्यांची. दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं की रोज चार ओळी लिहा, शब्द लवकर परत येतील. ह्यांनी पहिल्या पानावर 'श्री' काढलं, खाली एक रेघ ओढली आणि वही माझ्याकडे सरकवली. चांगली जाड पुठ्ठ्याची वही वाया घालवणं माझ्या हातून होत नाही, म्हणून मी लिहायला बसले. माझं बोलणं शाबूत आहे. गरजेपेक्षा जास्तच आहे, असं घरात सगळ्यांचं मत आहे.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आठवड्यात ह्यांना झटका आला. देवाच्या दयेने हात वाचला, पाय वाचला. कातरी पूर्वीसारखी चालते. शब्द मात्र पुढेमागे होतात. समजतं सगळं, पण 'पाणी' म्हणायचं असताना आधी 'तांब्या' येतं, मग थांबतात, मग चिडतात.

शिंप्याच्या दुकानात याने काय होतं ते सांगते. आमच्या अग्रहारातल्या दुकानात सासऱ्यांपासून एकच रीत आहे. माप घेणारा नुसते आकडे बोलतो, लिहिणारा लिहितो. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, मोहरी म्हणजे बाहीच्या तोंडाचा घेर, आणि गळा, हा क्रम ठरलेला. नाव कोणी घेत नाही. "चौदा, छत्तीस, तीस, चौदा, सहा..." असं हे म्हणायचे आणि मी मान वर न करता लिहायची. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी हेच करतेय. आता हे 'तीस' म्हणतात तेव्हा ती कंबर असते की छाती हे त्यांनाही सांगता येत नाही. एका गिऱ्हाइकासमोर तसं झालं. त्या दिवशी ह्यांनी गळ्यातली टेप काढून विठोबाच्या तसबिरीखालच्या खिळ्याला टांगली. अजून तिथेच आहे.

आज दामोदरभाऊजी आले होते. ह्यांचे मोठे भाऊ, मंडी मोहल्ल्यात त्यांचं मोठं दुकान आहे. चंदना मॅडमच्या नृत्यशाळेचे दसऱ्याचे पोशाख दरवर्षी आम्हीच शिवतो. ते या वेळी त्यांचा कटिंगवाला करेल, म्हणाले. इथे तोच बसेल, हणमंत खुर्चीवर बसून देखरेख करेल.

"हणमंताला विश्रांती दे की जानकी. खुर्चीवर बसला तरी दुकान त्याचंच राहतं, अल्लवा, हो की नाही?"

वाईट माणूस नाही. भावाचं प्रेम आहे. पण हे खुर्चीत बसून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हणून गेले की ही ऑर्डर आम्हीच करणार, आणि ती बिघडली तर टेप मी स्वतः तुमच्या हातात देईन. भाऊजी "सरी, बरं" म्हणाले आणि कॉफी पिऊन गेले. माझी जीभ, दुसरं काय.

९ जून

आमची लेक सिंचना हेब्बाळला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सकाळी कंपनीच्या बसने जाते, संध्याकाळी येते आणि आल्या आल्या लॅपटॉप उघडते. तिला म्हटलं, तुझ्या त्या डब्यात मापं नीट लावता येतील काय? म्हणाली, "मी नाही करणार. तू शीक. सोल्पा, थोडं तरी मॅथ्स होतं की तुझं पीयूसीला, बारावीला."

पोरगी आपल्या आईला असं बोलते. शिकायला बसले.

फंक्शन म्हणतात त्याला. आपण मापं आत घालायची, बाहेर कटिंगची चिठ्ठी येते. मराठीत नाव दिलेलं चालतं हे कळल्यावर मी त्याचं नाव 'चिठ्ठी' ठेवलं. आत सात जागा केल्या, आमच्या क्रमाने. सात आकडे दिले की झकास चिठ्ठी येते. मला इतका आनंद झाला की शेजारच्या गोदावरीबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे तर तू पेन्सिलीने पण करत होतीस की." त्यांना कळणार नाही.

१४ जून

ह्यांना समोर बसवून करून बघितलं. चार आकडे बोलले आणि दमले. मी चारच दिले. लाल अक्षरं. तीन मापं कमी आहेत म्हणे, चिठ्ठी मिळणार नाही. पाचवा मिळवला, तरी लाल. मग सातही सांगताना ह्यांनी एक आकडा दोनदा सांगितला आणि आठ झाले, तर जास्त झाले म्हणून पुन्हा लाल.

संसारात इतकं अडून मीसुद्धा कधी बसले नाही. लॅपटॉप मिटला. हे उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आपल्यामुळेच बिघडलं असं त्यांना वाटलं असणार. मला फार वाईट वाटलं, आणि राग आला तो त्या लाल अक्षरांचा.

२२ जून, रविवार

चांदणी सापडली. सिंचना 'स्टार' म्हणते. फंक्शनमध्ये नावाच्या आधी एक चांदणी लावली की मग आकडे किती का येईनात. चार येऊ देत, नऊ येऊ देत, सगळे आले त्या क्रमाने एका पुडक्यात बांधून ठेवतं. एकही आला नाही तरी तक्रार नाही, रिकामं पुडकं ठेवतं. असा जावई मिळाला तर काय हवं, असं सिंचनाला म्हटलं तर ती उठून गेली.

मी 'आकडे' नाव दिलं आणि पुढे चांदणी ठोकली. आता पहिला आकडा उंची, दुसरा छाती, असं आपल्या क्रमाने धरायचं. जो आलाच नाही तिथे नेहमीचं माप धरायचं. दिवसभर एकदाही लाल अक्षर नाही. गोदावरीबाईंचा ब्लाउज पहिला करायचं ठरवलं.

२९ जून, रविवार

गोदावरीबाईंचा ब्लाउज.

ह्यांनी कंबर आधी सांगितली, छाती नंतर. चांदणीने दोन्ही घेतले, काही न विचारता. आकडे आहेत, पण कोणता कशाचा हे त्यांच्या अंगावर लिहिलेलं नाही. बाई आत घालून आल्या. खाली उशीचा अभ्रा, वर हुक लागेना. हात वर करून उभ्या होत्या आणि मी आणि सिंचना त्यांना सोडवत होतो. जाताना एवढंच म्हणाल्या की दसऱ्याला त्या मुलींना नाचायचंय, जरा बघ.

हे हसले. मार्चपासून पहिल्यांदा मोठ्याने हसले. गोदावरीबाई गेल्यावर, देव आहे. ब्लाउज मी पुन्हा शिवून देणार आहे.

६ जुलै

दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या की आकडा आधी मागू नका. जागेवर बोट ठेवून आधी नाव म्हणू द्या, आकडा त्याच्या मागून येतो. मला त्यांच्या शास्त्रातलं कळत नाही, पण तेच सिंचना परवा तिच्या भाषेत सांगत होती. एक चांदणी मोकळ्या आकड्यांना. दोन चांदण्या लावल्या की नाव लावलेले आकडे येतात, कंबर=२८, गळा=६ असे. मग क्रम कोणताही असो, कंबर कंबरेच्याच जागी जाते. आधी ठरवलेलं नसेल असं नावसुद्धा येऊ शकतं. फक्त मोकळे आकडे आधी सांगायचे आणि नाववाले मागून, उलट केलं की लाल.

सिंचनाला उभी केली. टेप मी धरली, कारण हे खिळ्याकडे बघतसुद्धा नाहीत. ह्यांनी तिच्या खांद्यावर बोट ठेवलं. "खांदा," म्हणाले. थांबले. मी टेप लावली, त्यांनी वाकून बघितलं. "साडेचौदा." मग एकदम कंबर. मग गळा. मग पुन्हा वर येऊन बाही. मी टाइप करत गेले. शेवटी त्यांनी तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डावा... उतरता. अर्धा."

तसं मापच आमच्या यादीत नाही. मी टाइप केलं, डावा_उतार=०.५. घेतलं. चिठ्ठीत आलं. सिंचना लॅपटॉपची बॅग उचलून उचलून त्या बाजूने झुकली आहे, हे मला आईला दिसलं नव्हतं.

मी रडले. लिहायला लाज नाही वाटत. ह्यांना 'काय झालं' म्हणता येईना, तर त्यांनी मला टॉवेल आणून दिला. पाय पुसायचा होता तो, पण दिला.

२० जुलै

मजा अशी की आता हे घरातसुद्धा तसंच बोलतात. आधी नाव, मग गोष्ट. "कॉफी... साखर कमी." "सिंचना... बस चुकली." मी म्हटलं, तुम्ही माझ्या फंक्शनला शिकवताय की ते तुम्हाला? हे नुसते हसले. मॅडमना सांगितलं तर त्यांनी माझी चिठ्ठी मागून घेतली आणि आणखी कोणा पेशंटला दाखवते म्हणाल्या. दाखवू दे. मला तर ऑर्डरची काळजी आहे.

३ ऑगस्ट, रविवार

सिंचनाने माझं सगळं लिहिलेलं तपासलं. नीट आहे म्हणाली, "पण आई, तो एक स्टारवाला काढ की. पप्पा आता नाव घेऊनच सांगतात. मोकळे आकडे कोणी देतच नाही. सुम्ने, उगाच कशाला ठेवलाय?"

मी म्हटलं, राहू दे. काढायचं म्हणजे खालचं पण बदलावं लागेल, मला कंटाळा आहे. म्हणाली, दोन मिनिटांचं काम, मी करते. मी लॅपटॉप मिटला. काय घाई आहे? रिकामं पुडकं काय खायला मागतंय? ती "सरी आई" म्हणाली. हल्लीच्या पोरांना काढून टाकायची भारी हौस.

१७ ऑगस्ट, रविवार

नृत्यशाळेत मापं घेतली. ह्या मुली म्हणजे कोणी उंच, कोणी लहानखुरी, कोणाला मागे बटण हवं, कोणाचा गुडघा दुखतो म्हणून पायजमा सैल हवा. पुढचा पंखा कोणाला पाच चुण्यांचा, कोणाला सात. जुन्या सात जागांच्या चिठ्ठीने मी तिथेच हात टेकले असते. आता हे बोट ठेवतात, नाव घेतात, मी टेप लावते, हे आकडा वाचतात, मी टाइप करते. एक मुलगी तर ह्यांच्याबरोबर तालात म्हणायला लागली, "सोंट, सव्वीस!" सोंट म्हणजे कन्नडमधली कंबर. मग सगळ्याच म्हणायला लागल्या. हे घाबरतील वाटलं. उलट ह्यांचा आवाज चढला. चंदना मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या.

येताना रिक्षात ह्यांनी माझा हात धरला होता. अग्रहार येईपर्यंत.

३१ ऑगस्ट, रविवार

कटिंग सुरू. पोशाखांसाठी रेशमी साड्या कापायच्या म्हणजे श्वास धरावा लागतो. हे सकाळपासून उभे. एका चिठ्ठीपाशी अडले. बाहीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि "तोळू... तोळू" म्हणत राहिले. मी म्हटलं, अहो हो, तीच बाही, लिहिलेलीच आहे, कापा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, चिठ्ठी बरोबर आहे, मशीन चुकत नाही. मग कापलं. थकले असावेत.

१२ सप्टेंबर

सगळं संपलं.

पहिल्या ट्रायलला मुली आल्या. अर्ध्या मुलींच्या बाह्या बरोबर, अर्ध्यांच्या आखूड. एक-दोन नाहीत, अर्ध्या. मोठी मुलगी, जी मधे नाचणार, तिची तर कोपराच्या वर दोन इंच. चंदना मॅडमचा चेहरा पडला. कापड कापलेलं आहे, तसल्या साड्या आता मिळणार नाहीत.

रात्रीचं जेवण कोणी केलं नाही. सिंचनाने एकेक चिठ्ठी काढून बघितली तेव्हा कळलं. आम्ही घरात मराठी बोलतो, पण कन्नड आमच्या जिभेवरच राहायला आलेलं आहे. हे एका मुलीला 'बाही' म्हणाले, दुसरीला 'तोळू'. मला दोन्ही एकच, मी ऐकलं तसं टाइप करत गेले. दोन चांदण्यांनी दोन्ही नावं मुकाट घेतली. चिठ्ठी मात्र फक्त बाही विचारत होती. तोळू आत पुडक्यात पडून राहिला आणि बाहीच्या जागी नेहमीचं माप गेलं. लाल अक्षर एकही नाही. कमरेचं वाचलं ते केवळ एवढ्याने की सोंट म्हटलं की मी सवयीने कंबर लिहिते.

आणि हे मला सांगत होते. तोळू, तोळू. मी ऐकून घेतलं नाही. मी मशीनवर विश्वास ठेवला आणि ह्यांच्या बोटावर नाही.

उद्या भाऊजी येणार आहेत.

१३ सप्टेंबर, शनिवार

भाऊजी आले, बाह्या बघितल्या, खुर्चीत बसले. त्यांनी टोमणा मारला असता तर मी भांडले तरी असते. ते नुसते म्हणाले, "आयतु जानकी, झालं. जेवढं जमलं तेवढं केलंस की." मी खिळ्याकडे गेले. बोललेले शब्द होते माझे. टेप काढली आणि भाऊजींच्या पुढे धरली.

तेव्हा हे मधे आले. टेप घेतली नाही. माझा हात धरून खाली केला आणि मला टेबलापाशी नेलं. एका साडीचा उरलेला पदर पसरला, त्याच्या जरीच्या काठावर बोट ठेवलं.

"काठ," म्हणाले. मग बाहीच्या टोकावर बोट. "तोळू." मग दोन बोटं रुंद करून दाखवली. "दोन. सगळ्यांना."

ज्यांच्या बरोबर आहेत त्यांनाही? मी विचारलं.

"सगळ्यांना."

म्हणजे जिची बाही बरोबर आहे तिला काठ वरून लावायचा, जिची आखूड आहे तिला खालून जोडायचा. समोरून बघणाऱ्याला सगळ्या बाह्यांवर जरीचा पट्टा दिसेल, मुद्दाम केल्यासारखा. भाऊजी उठले. त्यांनी काठ हातात घेतला, बाहीला लावून बघितला, आणि धाकट्या भावाकडे बघितलं. मग माझ्या हातातली टेप घेऊन परत खिळ्याला टांगली. "माझी दोन माणसं पाठवतो काठ लावायला," म्हणाले. "कटिंगला नाही. काठ लावायला."

१४ सप्टेंबर

फंक्शन दुरुस्त केलं. प्रत्येक मापाची दोन्ही नावं शिकवली. बाही आणि तोळू एक, कंबर आणि सोंट एक, उंची आणि उद्द एक. आणि जे नाव त्याला ओळखता येणार नाही ते आता पुडक्यात गप्प बसत नाही. चिठ्ठीच्या तळाला मोठ्या अक्षरात येतं, 'हेही सांगितलं आहे'. त्यावर कापण्याआधी मी ह्यांना विचारायचं. ते शेवटचं मशीनमध्ये लिहिलेलं नाही, ते माझ्यासाठी.

२७ सप्टेंबर, शनिवार

नृत्यशाळेचा कार्यक्रम. दिवे मालवले, मृदंग वाजला आणि मुली आल्या. सगळ्यांचे हात एकदम वर गेले आणि जरीच्या पट्ट्यांची एक ओळ चमकली. मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला कन्नडमध्ये म्हणाली की या वर्षी बाह्या किती सुंदर केल्यात. मी मान ताठ करून बसले. गोदावरीबाई माझ्या शेजारी होत्या, त्यांनी मला कोपराने ढोसलं. त्यांच्या अंगात माझा दुसरा ब्लाउज होता, हुक लागलेला.

कार्यक्रम झाल्यावर चंदना मॅडमनी ह्यांना स्टेजवर बोलावलं. बोलायला सांगितलं नाही, शहाणी बाई. शाल घातली. त्यांना पुढच्या वर्षीही काठ हवेत. मी जिंकले. आम्ही जिंकलो. शाल मऊ आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. मशिनी पुसल्या, कातऱ्यांना कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. सिंचनाने लॅपटॉप मांडला आणि त्यालाही कुंकू लावलं, तिच्या कंपनीचा असून. हे खिळ्यापाशी गेले, टेप काढली, पूजेत ठेवली. आज हत्यारांना हात लावायचा नसतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक दामोदरभाऊजी. हातात शर्टाचं कापड. स्वतःचं एवढं मोठं दुकान असलेला माणूस आमच्याकडे शर्ट शिवायला. "दसऱ्यानंतरचा पहिला शर्ट हणमंताच्या हातचा पाहिजे," म्हणाले आणि हात बाजूला करून उभे राहिले.

मी टेप घ्यायला वळले. टेप खिळ्यावर नव्हती. ह्यांच्या गळ्यात होती.

मी लॅपटॉप उघडला, भाऊजींचं नाव घातलं आणि बोटं तयार ठेवली, पहिलं नाव कोणतं येतंय त्यासाठी. ह्यांनी टेप भाऊजींच्या पाठीवर टाकली.

"एकोणतीस," म्हणाले.

मी थांबले. कशाचं एकोणतीस? तोवर हे पुढे गेले होते.

"बेचाळीस. अडतीस. अठरा. चोवीस."

उंची, छाती, कंबर, खांदा, बाही. सासऱ्यांच्या क्रमाने, आमच्या क्रमाने, एकही नाव न घेता, आणि असे भरभर की माझी बोटं मागे पडली. "नऊ. साडेसोळा." मी आकडे तसेच घातले, मोकळे, स्वल्पविराम देत. डोळ्यांत पाणी होतं, एक स्वल्पविराम दोनदा पडला, तो पुसला. कळ दाबली. एकही लाल अक्षर नाही. चिठ्ठी आली, सातही मापं आपापल्या जागी.

ह्यांनी पूर्वीसारखं माझ्याकडे न बघताच विचारलं, "लिहिलंस काय?"

"लिहिलं," मी म्हटलं.

सिंचना बससाठी निघालेली, ती दारातच उभी होती. चपलेत एक पाय घालून. "आई," म्हणाली, "तो एक स्टारवाला... तू ह्यासाठी ठेवला होतास?"

काहीतरीच बोलते. मी सांगितलं, कंटाळा केला होता काढायचा.